परसबागेतील नोंदवही आणि शंखी गोगलगाय

परसबाग म्हटली म्हणजे घरच्यापुरते माळवे पिकविण्याची जागा, एवढाच अर्थ सामान्यतः घेतला जातो. न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली दोन पपईची झाडे, मांडवावर चढविलेला दोडका, कढीपत्ता, शेवगा, पालक-मेथीचे चार वाफे आणि कडेने झेंडू असे तिचे रूप नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांतील खेड्यांत आढळते. तिच्यापासून कुटुंबास मिळणाऱ्या पोषणाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखात तिच्याकडे निराळ्या दृष्टीने पाहावयाचे आहे. हवा पालटली असता कोणते जीव जागे होतात, कोणते दडतात आणि त्यांतील कोणते पुढे शेतात उतरणार आहेत, हे गावात सर्वांत आधी जेथे दिसते ती जागा परसबाग होय.

याचे कारण साधे आहे. आपल्या काळ्या रानात ओल येते ती पावसाने आणि चैत्र-वैशाखात ती पार नाहीशी होऊन जमिनीला भेगा पडतात. परसात मात्र तसे होत नाही. न्हाणीचे पाणी, आडाभोवतीची दलदल, उकिरड्याचा उबारा, भिंतीच्या फटी, रचून ठेवलेल्या विटा व दगड, केळीच्या बुंध्याशी साठलेला पालापाचोळा अशा ठिकाणी कडक उन्हाळ्यातही थोडीबहुत ओल व सावली टिकून राहते. ज्या जीवांना उन्हाळा काढावयाचा असतो ते अशा जागी आश्रय घेतात व पहिल्या सरीबरोबर तेथूनच बाहेर पडतात. शेतात त्यांचे नुकसान दिसू लागेपर्यंत आठ-पंधरा दिवस निघून गेलेले असतात. खरिपाच्या आरंभी हे आठ-पंधरा दिवस फार मोलाचे असतात.

मी हे पुस्तकातून शिकलो असे म्हणता येत नाही. चूक करून शिकलो, आणि ती चूक येथे सांगणे योग्य वाटते.

सन २०२२ चा खरीप

सन २०२२ च्या खरीप हंगामात लातूर, बीड व तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या तीन जिल्ह्यांत सोयाबीनच्या कोवळ्या रोपांवर शंखी गोगलगायीने मोठा हल्ला केला, तो वाचकांच्या स्मरणात असेल. उगवून आलेली दलपत्रे व कोवळे शेंडे एका रात्रीत कुरतडले जात. सकाळी शेतकरी रानात जाई तेव्हा ओळीत नुसते देठ उभे असत. कित्येकांवर दुबार पेरणीचा प्रसंग आला आणि काहींचे दुसरे बीही तसेच गेले. पुढे शासनाने या नुकसानीकरिता मदत मंजूर केली, परंतु हातचा गेलेला हंगाम मदतीने परत येत नाही.

त्या वेळी माझी नेमणूक लातूर जिल्ह्यात होती. राहत्या घरामागे लहानसे परस होते व त्याच्या कुंपणाला लागून एका शेतकऱ्याचे सोयाबीनचे रान होते. जून महिन्यात पहिला भिजपाऊस झाला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी आईने सांगितले की, पपईच्या खालच्या पानांना भोके पडली आहेत आणि नुकताच चुना दिलेल्या भिंतीवर कोणी नखांनी ओरखडल्यासारखे पट्टे उठले आहेत. मी पाहिले तो भिंतीवर वाळलेल्या लाळेच्या चकचकीत रेषा होत्या व कुंड्यांच्या मागे मूठभर आकाराच्या चार-पाच गोगलगायी चिकटून बसल्या होत्या. मी त्या काढल्या आणि कुंपणापलीकडे भिरकावून दिल्या. कृषि विषयाची पदवी घेतलेल्या माणसाने केलेले हे कृत्य आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. घरातली कटकट गेली, एवढाच विचार त्या वेळी मनात होता.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात शेजारचा वयस्क शेतकरी दारात येऊन उभा राहिला. “साहेब, बी तर चांगलं उगवलं होतं. रातीतून कोण खातंय, काही कळंना,” असे तो म्हणाला. मी त्यास म्हटले, “मामा, आज रात्री आपण दोघे बॅटरी घेऊन जाऊ.” रात्री नऊच्या सुमारास आम्ही बांधाने गेलो आणि कोण खात होते ते दोघांनाही दिसले. माझ्या चार-पाच गोगलगायींमुळे तालुक्यावर संकट आले असे कोणी म्हणणार नाही. बांधांवर व दगडांच्या ढिगांत त्या आधीपासून होत्याच. परंतु पंधरा दिवसांपूर्वी माझ्या भिंतीने मला जे दाखविले होते त्याची एक ओळ जरी मी लिहून ठेवली असती व सोयाबीनची उगवण होण्यापूर्वी गावात दवंडी दिली असती, तर त्या मामांच्या शेतात निदान बांधाकडच्या ओळी वाचल्या असत्या. ते मी त्यांना त्याच रात्री सांगितले. त्यावर ते काही बोलले नाहीत. बांधावरची एक गोगलगाय पायतणाने चिरडून ते पुढे चालू लागले.

हा प्राणी मुळात कोठला?

शंखी गोगलगाय हा कीटक नव्हे. ती मृदुकाय प्राण्यांच्या वर्गात मोडते. म्हणून कीटकांकरिता असलेली सर्वसाधारण औषधे तिच्यावर फवारून पैसा वाया जातो. तिचे मूळ स्थान पूर्व आफ्रिका होय. हिंदुस्थानात ती आली ती बागेच्याच वाटेने. सन १८४७ मध्ये बेन्सन नावाच्या शंख-शिंपल्यांच्या एका अभ्यासकाने मॉरिशसहून काही जिवंत गोगलगायी कलकत्त्यास आणल्या आणि त्या तेथील चौरंगी भागातील एका बागेत सुटल्या. तेथून रोपे, माती, वाळू, विटा व मालाची वाहने यांच्या आश्रयाने ती देशभर पसरत गेली. जगातील अत्यंत उपद्रवी अशा १०० परकीय जीवांची जी यादी तज्ज्ञांनी केली आहे तीत तिचा समावेश आहे.

तिच्या आयुष्यक्रमातील चार गोष्टी प्रत्येक कार्यकर्त्याने पक्क्या लक्षात ठेवाव्यात, कारण उपाय केव्हा करावयाचा हे त्यांवर ठरते. पहिली गोष्ट अशी की, हवा कोरडी झाली म्हणजे ती अंग शंखात ओढून घेते, शंखाचे तोंड पांढरट पापुद्र्याने बंद करते व तशाच स्थितीत अनेक महिने काही न खाता पडून राहते. ती मेली असे समजून आपण दुर्लक्ष करतो. प्रत्यक्षात ती पावसाची वाट पाहत असते. दुसरी गोष्ट, ती उभयलिंगी आहे. नर निराळा व मादी निराळी असा प्रकार नसल्याने पूर्ण वाढलेली प्रत्येक गोगलगाय अंडी घालू शकते. तिसरी गोष्ट, पावसाने जागी झाल्यावर मीलन होऊन साधारणतः आठ-दहा दिवसांत ती भुसभुशीत ओल्या मातीत बोटाच्या दोन पेरांइतक्या खोलीवर अंडी घालते. ही अंडी साबुदाण्यासारखी, पिवळसर पांढरी असून एका वेळी शंभर किंवा त्याहूनही अधिक असतात. चौथी गोष्ट, ही अंडी सुमारे दोन आठवड्यांत उबतात.

आता हा हिशेब खरिपाच्या वेळापत्रकाशी जुळवून पाहावा. मृगात चांगला पाऊस झाला तर गोगलगाय मृगातच जागी होते. पुरेशी ओल होऊन आर्द्रात सोयाबीनची पेरणी होते. पीक दोन-चार पानांवर येते नेमक्या त्याच सुमारास मोठ्या गोगलगायी भुकेने रानात उतरलेल्या असतात व पहिली अंडी फुटून पिल्ले बाहेर पडू लागतात. रोप सर्वांत कोवळे आणि खाणारी तोंडे सर्वांत अधिक, असा हा योग आहे. यावरून उपायाची खरी वेळ पीक उगवल्यानंतरची नसून पहिल्या भिजपावसानंतरचे सात-आठ दिवस ही होय, हे उघड आहे. त्या दिवसांत उचललेली एक गोगलगाय म्हणजे पुढची शंभर पिल्ले टळली. आणि ते दिवस सुरू झाले हे आपणास शेत सांगत नाही, परस सांगते.

परसात काय पाहावे?

दिवसा पाहणी करून फारसे काही हाती लागत नाही. रात्री आठ ते दहाच्या दरम्यान किंवा पहाटे उजाडण्यापूर्वी बॅटरी घेऊन परसातून एक फेरी मारावी. पपईचा बुंधा, केळीची सोट, पालकाचे वाफे, झेंडू, मोरीची कड, उकिरड्याची सावलीची बाजू आणि चुना दिलेली भिंत ही मुख्य ठिकाणे. भिंतीचे कारण असे की, शंख वाढविण्यास गोगलगायीला चुना लागतो व तो ती भिंतीवरून खरवडून खाते. माळवदाच्या जुन्या घरांत दिवाळीला दिलेल्या चुन्यावर आषाढात उठणाऱ्या पट्ट्यांचे कोडे यामुळे उलगडते. सकाळी लाळेच्या वाळलेल्या रेषा व काळ्या, दोऱ्यासारख्या विष्ठेवरूनही तिचा माग लागतो.

गोगलगायी किती आहेत याचा अंदाज घेण्यास सोपी युक्ती आहे. गोणपाटाचे जुने पोते गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी परसाच्या सावलीच्या कोपऱ्यात पसरावे. पपईची पाने हाताशी असतील तर त्यांचा लहानसा ढीगही चालतो. सकाळी सूर्य वर येण्यापूर्वी पोते उलटून मोजावे. ही मोजणी रोज त्याच कोपऱ्यात व त्याच वेळी केली, तरच आकड्यांची तुलना करता येते. माझ्या परसात कोरड्या दिवसांत पोत्याखाली एखादीच सापडे. झड लागली की दुसऱ्याच सकाळी बादलीचा तळ झाकला जाई.

गोळा करताना हातात मोजे किंवा निदान प्लॅस्टिकची पिशवी अवश्य घालावी. उंदरांच्या फुप्फुसात राहणारा एक सूक्ष्म कृमी गोगलगायीच्या अंगात वाढू शकतो व तो माणसाच्या पोटात गेल्यास मेंदूच्या आवरणास सूज येण्याचा धोका असतो. लहान मुलांना शंखाचे आकर्षण असते, म्हणून घरात ही गोष्ट स्पष्ट सांगावी, आणि गोगलगाय फिरलेल्या वाफ्यातील पालेभाजी कच्ची न खाता नीट धुऊन शिजवूनच खावी. गोळा केलेल्या गोगलगायी साबणाच्या किंवा मिठाच्या दाट पाण्यात बुडवाव्या व मेल्यावर खोल खड्ड्यात चुन्याची भुकटी टाकून पुराव्या. ते खारे पाणी वाफ्यात ओतू नये. काही ठिकाणी बांधावर व रानात मीठच शिंपडण्याची कल्पना निघाली होती. तीपासून परावृत्त करणे हे कार्यकर्त्याचे काम आहे, कारण मिठाने गोगलगायीबरोबर जमिनीचाही नाश होतो.

शेतात प्रादुर्भाव दिसल्यास बांधाच्या आतील बाजूने चुन्याच्या कोरड्या भुकटीचा सुमारे चार बोटे रुंदीचा पट्टा द्यावा. पावसाने तो धुऊन गेला की त्याचा उपयोग संपतो, म्हणून उघडीप पाहून पुन्हा द्यावा लागतो. भिंतीवरचा चुना जी गोगलगाय आवडीने खाते तिला हा कोरडा चुना कसा अडवितो, असा प्रश्न मला एका शेतकऱ्याने विचारला होता व तो अगदी रास्त होता. भिंतीवरचा चुना मुरलेला व निवलेला असतो. ताजी कोरडी भुकटी तिच्या ओल्या अंगाला चिकटून अंगातील पाणी शोषून घेते व दाह करते. मेटाल्डिहाइड २.५ टक्के या दाणेदार औषधाची शिफारस एकरी २ किलो अशी असून ते संध्याकाळी बांधालगत व पिकाच्या ओळींच्या कडेने टाकावयाचे असते. हे औषध कुत्री, गुरे व कोंबड्या यांनाही विषारी आहे. यास्तव परसात ते वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या जागेत कोंबड्या चरतात व मुले खेळतात तेथे पोते आणि बादली हीच साधने बरी.

परसात गोगलगायीचे शत्रूही राहतात. भारद्वाज पक्षी, ज्यास पुष्कळ ठिकाणी कुंभारकावळा म्हणतात व ज्याचे दर्शन शुभ मानतात, तो कुंपणाच्या झुडुपांतून चालत गोगलगायी टिपतो. कुंपणाच्या बुडाशी फुटलेले शंख पडलेले दिसल्यास त्याची जागा ओळखता येते. काजव्याच्या अळ्याही लहान गोगलगायींच्या शंखात तोंड घालून त्यांना खातात. काजवे चमकताना आपण पाहतो, परंतु ते गवताच्या मुळाशी अळीच्या रूपाने काय करीत असतात याकडे लक्ष जात नाही. कुंपण एका दमात साफ जाळून टाकण्यापूर्वी या दोघांचा विचार करावा.

पाऊस मोजल्याशिवाय नोंद अपुरी

कोणता जीव केव्हा दिसला हे लिहिण्याबरोबर त्याआधी पाऊस किती झाला हे लिहिले नाही, तर त्या नोंदीपासून पुढील वर्षी काही बोध होत नाही. महसूल मंडळाच्या ठिकाणी असलेल्या स्वयंचलित केंद्राचा आकडा आता उपलब्ध असतो व अतिवृष्टी ठरविण्यास, म्हणजे चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला किंवा कसे हे पाहण्यास, तोच ग्राह्य धरतात. परंतु आपल्या भागात एका शिवारात पाणी वाहते आणि शेजारच्या शिवारात धूळ उडते, हा अनुभव नवा नाही. म्हणून प्रत्येक परसात स्वतःचे मापक असावे.

त्यास खर्च नाही. सरळ बाजूंची, तळापासून तोंडापर्यंत सारख्या रुंदीची बरणी किंवा डबा घ्यावा. तो उघड्या जागी, भिंत अथवा झाड जितके उंच असेल त्याच्या दुप्पट अंतरावर विटांमध्ये घट्ट बसवावा. रोज सकाळी साडेआठ वाजता आत पट्टी उभी धरून पाणी किती मिलिमीटर आहे ते वाचावे व डबा रिता करावा. प्लॅस्टिकच्या बाटलीचा तळ उंचसखल असतो. ती वापरावयाची झाल्यास तळाशी खडे व पाणी घालून सपाट पातळी करावी, तेथे शून्याची खूण करावी व रोज रिते करताना पाणी त्या खुणेपर्यंत ठेवावे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. या हिशेबाने एकरभर रानावर चार हजार लिटरहून थोडे अधिक पाणी पडते. हा आकडा सभेत सांगितला असता लोक मापकाकडे निराळ्या नजरेने पाहू लागतात.

पक्ष्यांच्या व किड्यांच्या आगमनाविषयी येथे थोडे सांगणे अवश्य आहे. पावशा “पेरते व्हा” म्हणू लागला, चातक दिसला, मृगाचा लाल मखमली किडा जमिनीवर चालू लागला, मुंग्या अंडी घेऊन भिंतीवर चढल्या, या गोष्टी नोंदवहीत जरूर लिहाव्यात. चातक हा खरोखरच मोसमी पावसाच्या सुमारास आपल्याकडे येतो व मखमली किडा पहिल्या पावसाने जमीन भिजल्यावर वर येतो. या खुणा जुन्या माणसांनी डोळसपणे टिपल्या आहेत. तथापि, त्यांवरून पेरणीचा निर्णय घेऊ नये. पावशाचा आवाज हा त्याच्या विणीच्या काळाचा आवाज आहे. जमिनीत ओल किती खोल गेली हे त्यास ठाऊक नसते. पेरणीकरिता ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमीन चांगली भिजली पाहिजे, ही शिफारस डब्यातील पाण्याने पडताळावी आणि हातभर खड्डा करून ओल पाहावी.

उघडीप, थंडी आणि ऊन

पावसाचा खंड पडला म्हणजे परसाचे चित्र पालटते. सन २०२३ चा ऑगस्ट महिना हा देशात १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. मराठवाड्यात सोयाबीन फुलोऱ्यात असताना रान तापले. त्या दिवसांत परसातील मिरचीची पाने फुलकिड्यांमुळे वरच्या बाजूस वळू लागली होती, आणि गोगलगायी एकाएकी दिसेनाशा झाल्या. “गेली एकदाची पीडा,” असे पुष्कळांनी म्हटले. मी मोरीच्या कडेचा सपाट दगड उलटविला तेव्हा त्याखाली त्या तोंडे बंद करून दाटीने बसलेल्या होत्या. खंडाच्या काळात त्या अशा एकत्र सापडत असल्याने पाऊस परत येण्यापूर्वी त्यांना वेचणे सर्वांत सोपे जाते. नोंदवहीत मी ते दिवस लाल शाईने लिहिले आहेत.

हिवाळ्यात परसाचे सांगणे मुख्यतः मावा व भुरी यांविषयी असते. मार्गशीर्षात आभाळ दोन-तीन दिवस ढगाळ राहिले की वालाच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसू लागतो. त्या सुमारास वेळ अमावस्येला सारा गाव रानात जेवावयास जातो, तेव्हा करडईची चार झाडे वाकवून शेंडे पाहण्याचा परिपाठ ठेवावा. शेंड्यांवर माव्याबरोबर ढालकिडे व त्यांच्या काळसर अळ्या भरपूर असतील, तर औषधाची घाई करू नये. ढालकिड्याची अळी दिसावयास ओंगळ असल्याने तिलाच कीड समजून मारणारे पुष्कळ भेटतात. ती परसात एकदा बोटावर घेऊन दाखविली म्हणजे पुन्हा चूक होत नाही. थंड रात्री व कोरडे दिवस यांत भोपळवर्गीय वेलांच्या जुन्या पानांवर भुरीचा पांढरा थर येतो. तो प्रथम सावलीतल्या पानांवर दिसतो.

उन्हाळ्याविषयी सांगण्यासारखे थोडे आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले. त्या वर्षी ज्यांची परसे जगली ती भांडी धुतलेल्या व न्हाणीच्या पाण्यावर जगली. अशा दिवसांत जीवसृष्टी एकाच ओल्या कोपऱ्यात गोळा होते. पक्ष्यांकरिता ठेवलेल्या परळातील पाणी रोज बदलावे.

नांदेड जिल्ह्यातील वाचकांनी हे सारे आपल्या भागाच्या मापाने घ्यावे. किनवट व माहूरकडे पाऊस अधिक, जंगल जवळ आणि ओल दीर्घकाळ टिकणारी. देगलूर-मुखेडकडील स्थिती लातूरच्या उदगीर भागाशी मिळतीजुळती. गोदावरी, मांजरा व लेंडी यांच्या काठच्या गावांत पूर ओसरल्यावर गाळाबरोबर व वाहून आलेल्या काडीकचऱ्याबरोबर गोगलगायी नव्या जागी येऊ शकतात. पुराच्या रेषेवर साचलेला कचरा परसात किंवा उकिरड्यावर ओढून आणण्यापूर्वी तो उलथापालथ करून पाहावा.

वही कोणी लिहावी?

परसबागेची खरी निरीक्षक घरातील स्त्री होय, हे आपण आपल्या सभांतून फारसे मान्य करीत नाही. पाणी घालणारी, पाने खुडणारी, मोरी झाडणारी तीच असते. माझ्या घरची भिंत मी पाहिली नव्हती, आईने पाहिली होती. कार्यकर्त्याने घरी भेट दिली असता केवळ घरधन्याशी बोलून परतू नये. “काकू, या आठवड्यात परसात नवीन काय दिसलं?” असे विचारावे व उत्तर तेथेच लिहून घ्यावे. शाळेतील मुलांकडे पाऊस मोजण्याचे काम दिल्यास ती ते मोठ्या माणसांहून नेमाने करतात, असा माझा अनुभव आहे.

वही साधी असावी. तारीख व नक्षत्र, सकाळचा पाऊस, आभाळ निरभ्र की ढगाळ, रात्रीच्या फेरीत काय व किती दिसले, कोणत्या झाडावर, आणि त्या दिवशी शेजारच्या रानात पिकाची अवस्था काय होती, इतके पुरे. शेवटचा तपशील बहुधा राहून जातो आणि नेमका तोच पुढे कामास येतो. दोन पावसाळ्यांच्या ओळी समोरासमोर ठेवल्या की पहिला भिजपाऊस व पहिली गोगलगाय यांत किती दिवसांचे अंतर आहे ते आपल्या गावापुरते कळते. एका गावाचा आकडा दुसऱ्या गावास लावू नये.

यांत उकिरड्याची एक नोंद मी अलीकडे वाढविली आहे. वर्षभर घरच्या उकिरड्यात कुजलेले शेणखत वैशाखात गाड्या भरून रानात जाते व त्याबरोबर तोंड मिटून बसलेल्या गोगलगायीही जातात. परसातील जीव शेतात पोहोचविण्याची ही वाट आपण स्वतःच्या बैलांनी वा ट्रॅक्टरने तयार करतो. म्हणून खत भरण्याच्या आदल्या दिवशी उकिरड्याच्या सावलीकडील कड फावड्याने उलटून पाहावी. गतवर्षी रोहिणी लागण्यापूर्वी ओळखीच्या एका कुटुंबाने तसे केले. घरातील सासू-सुनांनी मिळून कडेचे खत घमेल्याने चाळले, पांढऱ्या पापुद्र्याचे शंख निराळे काढले, ते मिठाच्या पाण्याच्या डब्यात टाकून परसाबाहेर पुरले, आणि राहिलेले खत दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत भरले.